आंग्रिया बँक : मराठी सागरेतिहासाचा अदृश्य तळ

मराठा आरमाराचा इतिहास प्रामुख्याने जलदुर्ग व गलबतांच्या आधारे मांडला जातो. मात्र सरखेल कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक ही प्रवाळभूमी विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर, पूर्णतः पाण्याखाली आहे. तिचा माथाच सुमारे २० मीटर खोल आहे. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये कुस्तो व गान्यां यांनी सिद्ध केलेल्या श्वसनयंत्रामुळे अशा प्रवाळांतील कपारींत पाणबुड्यांना मुक्तपणे वावरता येऊ लागले; तथापि सुमारे ३० मीटरखाली नायट्रोजनची गुंगी विवेक मंदावते. प्रादेशिक सागराची मर्यादा १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर असल्याने ही भूमी तिच्याबाहेर राहते व तिच्या संरक्षणाचा प्रश्न अधिक जटिल होतो. म्हणूनच वाशीमसारख्या किनारा नसलेल्या जिल्ह्यातही महाराष्ट्राचा इतिहास शिकविताना किनाऱ्यापाशी थांबणे उचित ठरणार नाही.