परफॉर्मन्स सेडानमधील सौम्य फेरबदल

परफॉर्मन्स सेडानमधील सौम्य फेरबदल म्हणजे वेगासाठी घडवलेली चार दारांची मोटार रोजच्या रहदारीत, खराब रस्त्यांवर व लांबच्या प्रवासात अधिक सुसह्य व्हावी म्हणून तिच्यात केलेले लहान बदल. इंजिनाची शक्ती वाढवणे हा त्यांचा हेतू नसतो. अशा मोटारीत शक्ती गरजेहून अधिकच असते. उणीव असते ती हादरे शोषण्याची, मंद गतीतील सहजतेची आणि टायरांच्या टिकाऊपणाची. त्यामुळे या बदलांची दिशा शर्यतीसाठी केल्या जाणाऱ्या बदलांच्या पुष्कळदा उलट असते.

बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीची ई३९ पिढीतील एम५ हे या वर्गाचे ठळक उदाहरण होय. १९९८ ते २००३ या काळात तयार झालेल्या या मोटारीत ४.९ लिटरचे, आठ सिलिंडरांचे, सुमारे ४०० अश्वशक्तीचे इंजिन असून सहा गतींचे गिअर हाताने बदलावे लागतात. बाहेरून ती त्याच मालिकेतील साध्या मोटारीहून फारशी निराळी दिसत नाही. कार्यालयात जाण्यायेण्यासाठीही ती वापरली जात असल्याने तिच्या मालकांमध्ये अशा फेरबदलांची परंपराच निर्माण झाली आहे.

चाके व टायर

सर्वाधिक परिणाम येथे होतो. या मोटारीला मूळ १८ इंची चाके असून पुढील टायर २४५/४० व मागील २७५/३५ मापाचे असतात. यांतील पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये दाखवतो, तर दुसरा आकडा टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के आहे हे सांगतो. म्हणजे पुढच्या टायरची ही उंची केवळ ९८ मिमी भरते. खड्ड्यात आदळल्यावर रिम वाकण्याचे किंवा टायरच्या बाजूला फुगा येण्याचे प्रमाण अशा टायरांत अधिक असते, कारण मध्ये धक्का झेलणारी हवा व रबर कमी असते.

यावरील उपाय म्हणजे १७ इंची चाके. पुढे २४५/४५ व मागे २७५/४० मापाचे टायर घेतल्यास बाजूची उंची दोन्हीकडे सुमारे ११० मिमी होते. टायरचा एकूण व्यास मात्र पुढे १ मिमीने व मागे सुमारे २ मिमीनेच बदलतो, त्यामुळे वेगमापकाच्या नोंदीत लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही. पुढील ब्रेकची डिस्क ३४५ मिमी व्यासाची असल्याने प्रत्येक १७ इंची रिम तिच्यावर बसेलच असे नाही; खरेदीपूर्वी हे तपासणे आवश्यक ठरते. नव्या टायरची भारक्षमता व वेगमर्यादा मूळ टायरपेक्षा कमी असू नये. खर्चात बचत म्हणून मागील टायर अरुंद घेणे अयोग्य, कारण सगळी शक्ती मागच्याच चाकांकडे जाते.

सस्पेन्शन

ई३९ मोटारींत ब्रेक लावताच स्टीअरिंग थरथरू लागण्याची तक्रार सर्वपरिचित आहे. पुष्कळजण प्रथम डिस्क बदलतात व थरथर तशीच राहते. अनेकदा खरे कारण पुढील सस्पेन्शनच्या दांड्यांमधील झिजलेले रबरी बुश हे असते. त्यांच्या जागी कडक पॉलियुरेथेनचे बुश बसवल्यास स्टीअरिंग अधिक नेमके होते, पण रस्त्याचा प्रत्येक कंप आत पोहोचतो. रोजच्या वापरासाठी मूळ प्रकारचे नवे रबरी बुशच सरस ठरतात.

चाकांच्या अलाइनमेंटचेही तसेच आहे. चाकांचा वरचा भाग आत झुकवल्याने वळणावर पकड वाढते. सरळ रस्त्यावर मात्र टायर आतल्या कडेने झिजतो. मोटार खाली आणणाऱ्या आखूड स्प्रिंगा दिसायला आकर्षक असल्या तरी चाकाला वर-खाली होण्यासाठी मिळणारी जागा त्या कमी करतात. गतिरोधकांच्या रस्त्यावर त्यांचा उपद्रवच अधिक.

क्लच

हा बदल सर्वांत लहान व बाहेरून अदृश्य आहे. बीएमडब्ल्यूच्या हाताने गिअर बदलण्याच्या अनेक मोटारींत क्लचच्या तेलाच्या नळीत एक बारीक छिद्राची झडप असते. पाय झटकन उचलला तरी तेल परतण्यास वेळ लागतो आणि क्लच सावकाश जुळतो. गिअरपेटी व मागील भागांना बसणारा झटका कमी व्हावा, हा तिचा उद्देश. मात्र कुशल चालकाला पायाची हालचाल व क्लचचे जुळणे यांत अंतर जाणवते आणि रहदारीत मोटार अडखळते. ही झडप काढल्यास किंवा तिचे छिद्र मोठे केल्यास ते अंतर नाहीसे होते. पाय धसमुसळेपणाने सोडण्याची सवय असलेल्याने मात्र ती तशीच ठेवलेली बरी.

ब्रेक, आवाज व दिवे

शर्यतीचे ब्रेक पॅड तापल्यावरच नीट काम करतात. थंड असताना त्यांची पकड कमी असते व ते कर्कश वाजतात. मोकळ्या सायलेन्सरचा घुमणारा आवाज पहिल्या आठवड्यात सुखावतो, लांबच्या प्रवासात डोके उठवतो. साध्या हॅलोजन दिव्यासाठी बनवलेल्या परावर्तकात झेनॉन बल्ब बसवल्यास प्रकाश विखुरतो व समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

कायदा व विमा

जर्मनीत मोटारीतील बदलामुळे इतरांना धोका संभवत असल्यास किंवा आवाज व धूर यांचे प्रमाण बिघडत असल्यास तिचा वापर-परवाना रद्दबातल ठरतो. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. झिजलेल्या भागाऐवजी त्याच प्रकारचा नवा भाग बसवणे या निर्बंधात येत नाही. इतर बदल विमा कंपनीला न कळवल्यास अपघातानंतर दाव्याबाबत वाद उद्भवू शकतो. त्यामुळे अनुभवी मालक काढलेले मूळ भाग टाकून न देता जपून ठेवतात; मोटार विकतानाही ते उपयोगी पडतात.