पांढऱ्या पायाची पणजी

आजचा एपिसोड छोटाच आहे.

आमच्या पणजीला भावकी 'पांढऱ्या पायाची' म्हणायची. १९१८च्या उन्हाळ्यात ती लग्न होऊन आली आणि दिवाळीच्या आत घरातली तीन माणसं गेली: सासू, थोरला दीर, जाऊ. पुढे आयुष्यभर तिला कुणी कुठल्या लग्नात हळद लावायला पुढे केलं नाही.

मागच्या वर्षी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गावचा नमुना १४ बघितला. म्हणजे कोतवाल बुक, गावातल्या जन्म-मृत्यूंची वही. सगळी मोडीत. मी दिवसभर कोड वाचतो, पण इथे अक्षर कळेना, म्हणून मोडी वाचणारे एक काका सोबत होते. त्यांनी तिन्ही नोंदी शोधल्या. कारण एकच, ताप. म्हटलं, काका, बाकीचं पान पण वाचा ना. ताप, ताप, ताप. पान उलटलं तरी तेच.

ही इन्फ्लुएन्झाची साथ होती. मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. गावच्या वहीत इन्फ्लुएन्झा कोण लिहिणार? ताप लिहून मोकळे. देशभर पुरुषांपेक्षा बायका जास्त दगावल्या.

पणजी तेव्हा तेरा वर्षांची होती. आजाऱ्यांचं पथ्यपाणी तिनेच केलं असणार, घरात दुसरं उरलं होतं कोण?

आत्याने त्या पानांचे फोटो भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेत. सगळ्यांनी बघितलेत, निळ्या टिक आहेत. अजून कुणी काही लिहिलेलं नाही.