माळवद गेलं, शेगडी घरात आली
आपल्या मराठवाड्यात घर तापवायची वेगळी सोय कधी नव्हतीच. माळवदाच्या जाड दगडमातीच्या भिंती दिवसाची ऊब रात्री परत देत. चुलीत तुराट्या, गोवऱ्या जळत. धूर छातीला वाईटच, पण छताच्या झरोक्यातून बराचसा निघून जाई. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच जड घरं काळ ठरली. पुढे पत्र्याची शेड आली, स्लॅब आला. झरोका मात्र गेला. आता थंडीत तुम्ही कोळशाची शेगडी आत घेऊन दार लावता. निखाऱ्यांना धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २००हून अधिक पट घट्ट चिकटतो. शेगडीजवळ डोकं दुखलं, मळमळलं, तर सगळ्यांना घेऊन आधी बाहेर पडा आणि लगेच दवाखाना गाठा.