फ्रिजात शिरलेली गॅसची नळी

आजची गोष्ट सुरू होते आमच्या पाचोऱ्याच्या घरात. परदेशातली हौशी माणसं जुन्या फ्रिजात बिअरचं पिंप ठेवतात आणि त्यात गॅसची नळी सोडतात. आम्ही तेच केलं, फक्त पिंपात बिअरऐवजी सोडा! पण एक प्रश्न अडला. गॅसचा सिलिंडर फ्रिजच्या आत ठेवायचा की बाहेर? उत्तर शोधता शोधता मी थेट 1767 सालात पोचलो.

इंग्लंडमधलं लीड्स. जोसेफ प्रिस्टली नावाचा धर्मोपदेशक बिअरच्या कारखान्याशेजारी राहायला आला. आंबणाऱ्या बिअरवर साधारण 9 इंच ते 1 फूट जाडीचा अदृश्य थर असतो, हे त्याने पाहिलं. त्यात जळती काडी नेली की विझायची. गंमत म्हणजे तिचा धूर वर न जाता त्या थरातच अडकायचा आणि पिंपाच्या कडेवरून खाली ओघळायचा. हवेपेक्षा जड असलेला हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. प्रिस्टलीने त्या थरात धरून या भांड्यातलं पाणी त्या भांड्यात ओतलं, आणि झाला की सोडा! खडू आणि आम्ल वापरून तो घरी कसा करायचा, हे त्याने 1772 मध्ये छापलं.

पुढचा इतिहास म्हणजे या निसटत्या वायूला कोंडण्याची धडपड. 1783 मध्ये याकोब श्वेपने जिनिव्हात सोड्याचा धंदा सुरू केला. 1803 मध्ये विल्यम हेन्रीने नियम मांडला: दाब वाढला की वायू पाण्यात जास्त विरघळतो. पाणी थंड असेल तर आणखी जास्त, म्हणून तर फ्रिज हवा. 1872 मध्ये हायरम कॉडने गोटीच्या बाटलीचं पेटंट घेतलं. आतला गॅसच गोटीला रबरी कडीवर दाबून धरतो, वेगळं बूच लागतच नाही. मुंबईत 1889 मध्ये दिनशॉजी पंडोल यांनी ड्यूक्स काढली. आणि पूर्वी आमच्यासाठी सोडा म्हणजे पाचोरा जंक्शन. जामनेरच्या ‘पीजे’ गाडीची वाट बघायची आणि अंगठ्याने गोटी आत ढकलायची, फट्ट!

आता सिलिंडर. त्यात हा वायू द्रवरूपात असतो. 22 अंशांना आतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे 60 पट असतो. 31 अंशांच्या वर मात्र तो कितीही दाबला तरी द्रव राहत नाही. हे थॉमस अँड्र्यूज यांनी 1869 मध्ये दाखवलं. आणि आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा 43-44 वर! उन्हात सिलिंडरातला दाब चढतच जातो. मग वाटलं, फ्रिजातच ठेवू, गार राहील.

पण आमचा फ्रिज मधल्या खोलीत. उन्हाळ्यात तिथेच जमिनीवर अंथरुणं पडतात, पोरंबाळं सगळी ओळीने झोपतात. मला प्रिस्टलीचा तो खाली ओघळणारा धूर आठवला. बंद खोलीत सिलिंडर गळला तर जड वायू नेमका अंथरुणांच्या उंचीवर साचणार, आणि त्याला वासही नाही.

म्हणून सिलिंडर ओसरीत, सावलीत, उभा, साखळीने बांधून ठेवला. फ्रिजला बाजूने भोक पाडणार, तेवढ्यात मिस्त्री म्हणाला, “थांबा भाऊ! बाजूच्या पत्र्याआड गरम नळ्या असतात. दारातून पाडा.” तसंच केलं. रेग्युलेटरवर दाब 30 पीएसआयपर्यंत उतरवला आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावलं.

पिंपाजवळच्या सांध्यावर बारीक बुडबुडे फुगायला लागले. वॉशर मीच तिरका बसवला होता. तो काढून पुन्हा नीट बसवला, पुन्हा साबण लावला, तेव्हा कुठे बुडबुडे थांबले.

तरीही रोज झोपायच्या आधी ओसरीत जाऊन सिलिंडरची चावी बंद करतो. घरचे हसतात. हसू देत. सकाळचा सोडा थोडा मऊ निघाला तरी चालेल. भेटू पुढच्या भागात.