निबंधवाचनाची परंपरा : 1935 चे पुणे अधिवेशन आणि सीमाभागातील अध्यापक

प्रस्तावना

परिषदेत शोधनिबंध वाचणे ही बाब आज बहुतेक महाविद्यालयीन अध्यापकांना बढतीच्या फाईलपुरती वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने अशा वाचनास गुण दिले आणि प्रमाणपत्राचे मोल वाढले. प्रस्तुत लेखकाने आपला पहिला निबंध एका चर्चासत्रात वाचला, तेव्हा सातव्या मिनिटाला घंटा वाजली. प्रश्न एकही आला नाही. प्रमाणपत्र मात्र जेवणाआधीच हाती पडले होते. ही प्रथा मुळात कशासाठी सुरू झाली, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

7 जुलै 1910 रोजी वि. का. राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. मंडळाच्या पाक्षिक सभांत सभासद एखादे पत्र, सनद वा शिलालेख पुढे ठेवून त्यावर छोटे टिपण वाचीत. पुढे ही टिपणे इतिवृत्तांत छापली जात. आधी साधन, मग मत, असा हा क्रम होता. 1919 मध्ये पुण्यातच, भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत, सर रा. गो. भांडारकर यांच्या अध्यक्षतेखाली पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरली.

1935 मध्ये मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ‘ऑल इंडिया मॉडर्न हिस्टरी काँग्रेस’चे पहिले अधिवेशन पुण्यात झाले. अध्यक्ष होते अलाहाबाद विद्यापीठातील प्राध्यापक सर शफाअत अहमद खान. मराठ्यांच्या इतिहासाला वाहिलेल्या संस्थेच्या उत्सवात एका मुस्लिम विद्वानास हा मान मिळाला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी अशी आहे. 1938 च्या अलाहाबाद अधिवेशनापासून ही संस्था ‘इंडियन हिस्टरी काँग्रेस’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्या अधिवेशनांत प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक अशा विभागांत निबंध वाचले जातात व निवडक निबंध कार्यवृत्तात प्रसिद्ध होतात.

याच मंडळातील ग. ह. खरे यांनी फार्सी आत्मसात करून ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’चे खंड संपादित केले. आदिलशाहीची काही कागदपत्रे फार्सी व मराठी अशा दोन्ही भाषांत आहेत. एकाच भाषेचा जाणकार तेथे अर्धाच कागद वाचतो.

सीमाभागाचा प्रश्न

बेळगाव-निपाणीचा मुलूख आदिलशाहीत होता, पुढे मराठ्यांकडे आला आणि 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे येथील कागद फार्सी, मोडी, कन्नड, उर्दू व इंग्रजी अशा अनेक रूपांत सापडतात. वडगावसारख्या विणकरांच्या वस्तीतही जुन्या हिशेबवह्या, दर्ग्याच्या इनामाचे कागद, शाळांची हजेरीपत्रके यांचा शोध घेण्यास वाव आहे. मात्र घराचे छप्पर बदलताना माळ्यावरची गाठोडी बाहेर पडतात आणि रद्दीत जातात. मोडी वाचणारे वृद्ध दरवर्षी कमी होत आहेत. उर्दू जाणणाऱ्यास फार्सीची लिपी परकी नाही. शिकस्ता वळण मात्र मेहनतीने शिकावे लागते. उर्दू व मराठी दोन्ही जाणणारे आपल्यासारखे अध्यापक या कामी पुढे आले नाहीत, तर ते कोण करणार?

निबंध पाठविताना

गोषवाऱ्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात : कागद कोणता, तो कोठे आहे, आणि त्यावरून नवीन काय कळते. मालकाची परवानगी घेऊन मूळ कागदाचे छायाचित्र काढावे व कागद त्यांच्याच स्वाधीन ठेवावा. वाचनास दहा-पंधरा मिनिटेच मिळतात. तेव्हा प्रस्तावना आवरती घेऊन मूळ मजकूर श्रोत्यांना ऐकवावा. वाचनात कोणी चूक दाखविली, तर ती लिहून घ्यावी आणि छापण्यापूर्वी दुरुस्त करावी. परिषद इंग्रजीत असली तरी निबंधाचे मराठी वा उर्दू रूप येथल्या वाचकांपर्यंत पोहोचवावे.

समारोप

पाक्षिक सभेतील त्या टिपणांना ना गुण होते, ना प्रमाणपत्र. तरीही त्यांतून इतिहासाची साधने टिकली. आपल्यापैकी प्रत्येकाने पुढील चर्चासत्रास जाताना आपल्या गल्लीतील एक तरी न वाचलेला कागद वाचून सोबत न्यावा, एवढीच विनंती.