तुला कुठं लेकरं आहेत, तू थांब



मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटाचं मसाल्याचं काम जोरात होतं. संध्याकाळी पाकिटं भरायची राहिली की मी एकीला म्हणायचे, "तुला कुठं लेकरं आहेत, तू थांब." ती थांबायची. एकदा ती दोन दिवस आली नाही. आम्ही नियमाप्रमाणे दंड लावला, तिनं मुकाट्यानं भरला. मूल व्हावं म्हणून ती दवाखान्यात गेली होती, हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हा मला सावित्रीबाई आठवल्या. दर 3 जानेवारीला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. पण त्यांना पोटचं मूल नव्हतं, हे कुणी बोलत नाही.

सावित्रीबाई आणि जोतीराव यांचं लग्न 1840 साली झालं. 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. शाळेत जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण टाकत. त्यात मूल नाही म्हणून घरचा त्रास. त्या काळी मूल झालं नाही की पुरुषानं दुसरी बायको करायची, ही रीतच होती. जोतीरावांवरही तसा दबाव आला. चरित्रकार सांगतात, त्यांनी उलट विचारलं, दोष बाईतच कशावरून? पुरुषात असला तर तिनं दुसरा नवरा केलेला चालेल का? त्यांनी दुसरं लग्न केलं नाही.

1863 साली दोघांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथं बाळंत व्हावं, मूल मारू नये, यासाठी. तिथंच काशीबाई नावाच्या विधवेला मुलगा झाला. 1874 साली फुल्यांनी त्याला दत्तक घेतलं. तो यशवंत, पुढे डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या.

दुसऱ्या बायकोची रीत कायद्यानं मोडायला मात्र फार वर्षं लागली. 1946 साली मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला बंदी झाली. त्याविरुद्ध काही जण कोर्टात गेले. मुलगा हवा, म्हणून दुसरं लग्न हवं, असं म्हणणं होतं. 1951 साली मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, त्याच धर्मात दत्तकही आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं ही बंदी देशभर आली.

कामाच्या ठिकाणचा कायदाही हळूहळूच पुढे आला. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यानं गर्भ पडला तर सहा आठवडे पगारी रजा दिली. 2017 साली तान्हं मूल दत्तक घेणाऱ्या आईलाही रजा मिळाली. पण ही रजा नोकरीतल्या बाईला. आपल्या गटात, मजुरीच्या टोळीत कोण देणार? आपणच.

म्हणून आम्ही बैठकीत ठरवलं. दवाखान्याच्या खाड्याला दंड नाही, आणि कारण विचारायचं नाही. उशिरापर्यंत थांबायची पाळी सगळ्यांना सारखी. हळदीकुंकवात आधी लेकुरवाळी, मग बाकीच्या, असं नाही. "अजून काही नाही का?" हा प्रश्न कामावर बंद.

त्या मैत्रिणीचा दंड परत केला. मी माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "ताई, शनिवारी मला लवकर जायचंय." आणि गेली.

तुमच्या गटात हा विषय एकदा काढून बघा.