टपालाचीं तिकिटें आणि संग्राहकाची निवड

टपालाचीं जुनीं तिकिटें जमविणाऱ्या दोघां गृहस्थांची गांठ पडली म्हणजे बघणारास मोठें नवल वाटतें. दोघेही एकाच नादाचे. परंतु एकाचा संग्रह दुसऱ्याच्या हातीं दिला तर तो चार पानें चाळून मिटून ठेवतो. एकास भोर संस्थानचें बोटभर लाल तिकीट म्हणजे जीव कीं प्राण, तर दुसऱ्याचें लक्ष तिकिटाकडे नसून त्यावर पडलेल्या काळ्या ठशाकडे. तिसरा तर तिकीट सोडून अख्खें पाकीटच जपून ठेवतो, आणि आंतील पत्र हरवलें असलें तरी त्याची त्यास फारशी खंत नसते. ही सारी लहर आहे असा लोकांचा समज असतो. परंतु संग्राहकाची ऐपत, त्याचा धंदा, त्याचें गांव आणि पुष्कळदां त्याच्या हातून गेलेलें कांहीं तरी, यांतून ही निवड झालेली असते. कल्याणच्या पुढें पुण्याच्या वाटेवर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं गांवें ओळीनें लागतात. त्यांच्या इतिहासांत हीं कारणें जशीं उघड दिसतात तशीं क्वचितच दुसरीकडे दिसतील.

आरंभीं निवडीचा प्रश्नच नव्हता. मे १८४० मध्यें इंग्लंडांत पहिलें काळें तिकीट निघालें, तेव्हां ब्रिटिश म्यूझियममधील प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यानें कांहीं तिकिटें विकत घेऊन ठेवून दिलीं. पहिल्या संग्राहकांत त्याची गणना होते. त्यानंतर कांहीं वर्षें जगांतील यच्चयावत् तिकिटें एका वहींत मावत असत. १८६४ सालीं फ्रान्समधील जॉर्ज हेर्पें यानें या नादास ‘फिलाटेली’ हें नांव दिलें. ग्रीक भाषेंतील ‘प्रीति’ आणि ‘करांतून सूट’ या अर्थांच्या दोन शब्दांचा तो जोड आहे. पाठविणारानें पैसे आधीं भरले म्हणजे घेणारास कांहीं द्यावें लागत नाहीं, हा त्यांतील भाव. पण प्रत्येक राज्य तिकिटें काढूं लागल्यावर संख्या हजारांवर गेली, आणि सर्व जमविण्याची हांव धरणें म्हणजे समुद्र ओंजळींत धरणें झालें. तरी पॅरिस येथें राहणाऱ्या फिलिप फेरारी या धनिकानें तो हट्ट धरला होता. ब्रिटिश गियानाचें जगप्रसिद्ध एक सेंटचें तिकीटही त्याच्यापाशीं होतें. तो १९१७ सालीं वारला. संग्रह बर्लिनच्या टपाल संग्रहालयास द्यावा अशी त्याची इच्छा होती. परंतु महायुद्धाचे दिवस, आणि फेरारी पडला ऑस्ट्रियाचा प्रजाजन! फ्रेंच सरकारनें शत्रूची मालमत्ता म्हणून संग्रह जप्त केला आणि १९२१ पासून लिलावांत तो तुकड्यातुकड्यांनीं विकला गेला. याच्या उलट इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याची रीत. पैशाची वाण नसूनही त्यानें आपल्या साम्राज्याबाहेरच्या तिकिटांकडे पाहिलें नाहीं; युवराज असतांना १९०४ सालीं मॉरिशसच्या एका तिकिटास मात्र त्यानें १,४५० पौंड मोजले. ज्याच्या नांवानें राज्य चालावयाचें त्यानें त्या राज्याचींच तिकिटें जमवावीं, यांत कांहीं आश्चर्य नाहीं. ज्याला राज्य नाहीं आणि पैसाही नाहीं, त्याची निवड कशी होते हें पाहणें अधिक उद्बोधक आहे.

त्यासाठीं प्रथम सिंध प्रांताकडे वळलें पाहिजे. इंग्रजांनीं तो प्रांत १८४३ सालीं घेतला, १८४७ त मुंबई इलाख्यास जोडला, आणि १९३६ पर्यंत त्याचा कारभार मुंबईहूनच चालला. ज्याच्या कारकीर्दींत मुंबईच्या कोटाच्या भिंती पडल्या तो गव्हर्नर सर बार्टल फ्रियर त्यापूर्वीं सिंधचा कमिशनर होता. इंग्लंडांत रोलंड हिलनें चालू केलेली टपालाची सुधारणा त्याच्या मनांत भरली होती, आणि उंट व घोडे यांवरून चालणाऱ्या सिंधच्या डाकेस त्यानें ती लागू केली. १ जुलै १८५२ रोजीं ‘सिंध डिस्ट्रिक्ट डाक’ अशीं अक्षरें व मध्यें कंपनीची व्यापारी खूण असलेलें अर्ध्या आण्याचें वाटोळें तिकीट निघालें. संबंध आशिया खंडांतील चिकटविण्याचें हें पहिलें टपाल तिकीट होय. पहिला प्रकार लाल लाखेसारख्या ठिसूळ द्रव्याचा. तो पत्र दुमडतांना तडके. मग पांढऱ्या कागदावर रंगाशिवाय नुसता उठाव केला, तो अंधुक उजेडांत नीट दिसेना. म्हणून शेवटीं निळा रंग घेतला. सप्टेंबर १८५४ अखेर हीं तिकिटें बंद झालीं, कारण १ ऑक्टोबरपासून सर्व हिंदुस्थानसाठीं एकच पद्धत आली आणि पाव तोळ्याचें पत्र अर्ध्या आण्यांत वाटेल तितक्या दूर जाऊं लागलें. तीं नवीं तिकिटें कलकत्त्यास कॅप्टन थुलियर यानें शिळाछापावर काढलीं. त्यांतील अर्ध्या आण्याचें तिकीट आधीं शेंदरी करावयाचें होतें. पण विलायती शेंदूर पुरला नाहीं म्हणून तें निळें झालें. चार आण्यांच्या दोनरंगी तिकिटाच्या कांहीं प्रतींत तर राणीचें डोकें उलटें छापलें गेलें, आणि त्या एका चुकीवर पुढें मोठमोठ्या संग्राहकांच्या उड्या पडल्या.

आतां उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळच्या माळावर लष्करासाठीं बराकी उठल्या. युद्ध संपलें, बराकी ओस पडल्या, आणि १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्यांत जागा मिळाली. सुमारे एक लाख माणसें या माळावर आलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या नगराची कोनशिला बसली व जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्याचें नांव पडलें. पंजाबी निर्वासितास निदान अर्धा पंजाब तरी आपल्या बाजूस मिळाला होता. सिंधी माणसाला सिंधचा एक तालुकाही मिळाला नाहीं. घर गेलें, शेतीवाडी गेली, पेढी गेली. अशा मनुष्याच्या मुलानें किंवा नातवानें तिकिटें जमवावयास घेतलीं तर त्याचा हात कोठें वळेल, हें सांगावयास ज्योतिषी नको. आशियांतील पहिलें तिकीट आपल्या प्रांताचें, ही गोष्ट त्याला भूमीच्या सातबाऱ्यासारखी वाटते. वाट अडते ती किंमतीपाशीं. अखंड राहिलेलें लाल तिकीट इतकें दुर्मिळ कीं लिलावांत त्यासाठीं श्रीमंतांचीच चढाओढ चालते. ऐपत आणि ओढ यांची अशी फारकत झाली म्हणजे संग्राहक आडवाट धरतो, आणि सिंधच्या बाबतींत ती आडवाट मूळ रस्त्याहून कमी मनोरंजक नाहीं.

फाळणी झाली त्या दिवशीं पाकिस्तानाजवळ स्वतःचें एकही तिकीट नव्हतें. पहिले सहा आठवडे तेथें हिंदुस्थानचींच तिकिटें चाललीं. १ ऑक्टोबर १९४७ पासून सहाव्या जॉर्जच्या त्याच तिकिटांवर ‘पाकिस्तान’ हा शब्द छापून तीं विकण्यांत आलीं; आणि हा शब्द छापला गेला तो आपल्या नाशिक येथील सरकारी छापखान्यांत! ज्या आठवड्यांत माणसांचे लोंढे इकडे येत होते त्याच सुमारास त्यांच्या सोडलेल्या देशाचीं तिकिटें गोदाकांठीं तयार होत होतीं. पुरवठा अपुरा पडला तेथें तेथें कराची, लाहोर वगैरे ठिकाणीं रबराच्या शिक्क्यानें किंवा स्थानिक यंत्रावर तोच शब्द उमटविण्यांत आला. अक्षरें कोठें जाड, कोठें बारीक, कोठें तिरपीं, कोठें उलटीं. कराचीचा शिक्का कोणता व दुसऱ्या गांवाचा कोणता, हें भिंग लावून ठरविण्यांत लोकांनीं आयुष्यें घातलीं आहेत. यांत लबाड्याही अलोट झाल्या, कारण रबरी शिक्का कोणीही करवून घेऊं शकतो. नवशिक्यानें ठसा पडलेल्या सबंध पाकिटाशिवाय अशा तिकिटास हात लावूं नये हें बरें. परंतु ज्याचे वडील त्याच महिन्यांत कराचीच्या धक्क्यावर आगबोटींत चढले, त्याच्या हातीं ऑक्टोबर १९४७ ची कराचीची तारीख स्पष्ट उमटलेलें पाकीट आलें तर तें त्याच्यापुरतें पंचम जॉर्जच्या मॉरिशसहून मोलाचें.

पुढें १९५२ सालीं सिंधच्या तिकिटास शंभर वर्षें झालीं. पाकिस्ताननें त्या निमित्त तीन आणे व बारा आणे किंमतीचीं दोन तिकिटें काढलीं. त्यांच्या चित्रांत त्या जुन्या वाटोळ्या तिकिटाची आकृति आणि जुन्या व नव्या वाहनांचीं चित्रें आहेत. भारतानें आपली शताब्दि दोन वर्षांनीं, १ ऑक्टोबर १९५४ रोजीं, चार तिकिटें काढून साजरी केली. एकाच टपालखात्याचे दोन वारस, पण दोघांनीं जन्मतिथि निरनिराळी धरली. दोन्ही तिथि आपापल्या परीनें खऱ्या. उल्हासनगरच्या सिंधी संग्राहकाची पंचाईत ही कीं त्याच्या पूर्वजांची तिथि दुसऱ्या राष्ट्रानें पाळली आणि त्याच्या स्वतःच्या राष्ट्राची तिथि सिंधच्या तिकिटाचा शेवट झाला त्याच्या दुसऱ्या दिवसाची! तो दोन्ही जोड्या शेजारी शेजारी लावतो. थोड्या पैशांत मिळणाऱ्या त्या तीन आण्यांच्या तिकिटांत त्याला निदान मूळ तिकिटाचें चित्र तरी सांपडतें. पुढें भारतीय टपालानेंही सिंधी माणसांची आठवण ठेवली. साधु वासवानी यांचें तिकीट १९६९ त, फांशी गेलेला कोवळा हेमू कलानी याचें १९८३ त, आणि संत कंवरराम यांचें २०१० त निघालें. प्रांत नकाशावर नसला तरी वहींत त्याचें एक पान भरूं शकतें.

अंबरनाथास आलें म्हणजे ओढ बदलते. तेथें शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेलें शिलाहारांचें शिवमंदिर आहे. ज्याचें बालपण असल्या कोरीव भिंतींच्या सावलींत गेलें त्यास १५ ऑगस्ट १९४९ रोजीं निघालेली सोळा तिकिटांची प्राचीन शिल्पांची माला आपोआप आवडेल. अजंठ्याचा हत्ती, घारापुरीची त्रिमूर्ति, सांचीचें तोरण, कोणार्कचा घोडा, भुवनेश्वरचें देऊळ हीं सारीं तींत आहेत. उल्हासनगरची कोनशिला बसली त्याला तेव्हां अवघा एक आठवडा झाला होता. या मालेंतील एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ति चुकून आरशांतल्यासारखी उलटी आली. पुढल्या वर्षीं ती सुलट करून पुन्हां छापली. भाविक मूर्तीला हात जोडतो आणि संग्राहक तिचे हात कोणत्या बाजूस आहेत तें पाहतो. दोघांच्या दर्शनाची तऱ्हा निराळी, इतकेंच. याच अंबरनाथांत विमको कंपनीचा आगकाड्यांचा कारखाना होता. तिकिटें घेण्यास पैसे नसलेल्या मुलास काडेपेटीवरील चित्रें फुकट मिळत, आणि पुष्कळांचा नाद तेथेंच सुरू होऊन तेथेंच राही. १९३४ सालीं आगकाड्यांवर सरकारी जकात बसल्यावर पेटीवर कर भरल्याची छापील पट्टी येऊं लागली. अशा पट्ट्या जमविणारेही आहेत. ज्या नादाच्या नांवांतच करांतून सूट हा अर्थ आहे, त्याच्या एका शाखेनें कराच्या पावत्या जमवाव्यात, ही गंमत खरीच.

पक्षी, फुलपांखरें, आगगाड्या असे चित्रांवरून विषय घेऊन जमविणारांचा वर्ग आज सर्वांत मोठा आहे. त्यांस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु कित्येक लहान देश केवळ या गिऱ्हाइकांसाठींच तिकिटें छापतात, आणि त्यांतलें एकही कधीं पत्रावर चढत नाहीं. जें तिकीट प्रवासास निघालेंच नाहीं, त्याला सांगण्यासारखें काय असणार?

प्रवासाची ही आवड बदलापुरास शोभते. घोडे बदलण्याची जागा म्हणून त्यास हें नांव पडलें असें लोक सांगतात. तें खरें असो वा नसो, जुनी डाक टप्प्याटप्प्यानेंच चाले, आणि टप्प्यावर घोडा किंवा हरकारा बदले हें निश्चित. १८५६ सालीं कल्याणहून खोपोलीपर्यंत आगगाडी गेली आणि १८६३ सालीं बोरघाट खुला झाला. तेव्हांपासून मुंबई-पुण्याचें टपाल याच रुळांवरून जाऊं लागलें. रेल्वेच्या टपालडब्यांत धांवत्या गाडींत पत्रें वांटून लावीत आणि त्यांवर डब्याचा स्वतंत्र ठसा मारीत. असे ठसे जमविणारा मनुष्य तिकिटावरील राजाचें नांव विचारीत नाहीं. पत्र कोणत्या गाडीनें, कोणत्या मार्गानें गेलें, वाटेंत किती दिवस लागले, हें तो पाकिटाच्या मागील बाजूवरून वाचतो. म्हणूनच पाकीट हवें. तिकीट पाण्यांत भिजवून सोडविण्याची जी शिकवण पूर्वीं मुलांना दिली जाई, तिनें या इतिहासाची जितकी हानि केली तितकी वाळवीनेंही केली नसेल. श्रोत्यांपैकीं कोणाच्या माळ्यावर जुन्या पत्रांची चळत असेल तर त्यांनीं कात्री दूर ठेवावी.

निर्वासितांच्या पाकिटांना तर हें दुहेरी लागू पडतें. जुना पत्ता खोडून त्याखालीं बराकीचा क्रमांक लिहिलेलें पाकीट दिसावयास मळकट आणि बाजारांत कवडीमोल. पण तें घर सोडल्याचा व नवें घर मिळाल्याचा कागद आहे. त्यांवरील पत्त्यांतही एक खुबी आहे. ‘कल्याण कॅम्प’ असा पत्ता असला तर पाकीट ऑगस्ट १९४९ च्या पूर्वींचें असें एखादा झटकन् म्हणेल. तसें म्हणतां येत नाहीं. कारण नगरास नवें नांव मिळाल्यावरही लोकांच्या तोंडीं कॅम्प हाच शब्द राहिला, आणि एक ते पांच क्रमांकांचे कॅम्प आजही तेथें आहेत. तेव्हां पत्त्यावर विसंबून चालत नाहीं. पाकीट उजेडांत धरून ठशांतली तारीख लावावी लागते.